शेकाट्याचा फ्लेक्स

आधी चहा सांगा, मग सांगतो. पक्षी ओळखणारा म्हणून माझं नाव झालंय, तवापास्नं लोकांचे धुरकट फोटो बघून डोळं शिणल्यात. परवा मुरगूडच्या मेहुण्यानं तळ्यावरचा एक धाडला. त्यात नुसते लांब गुलाबी पाय दिसत होते. लगेच फोन.

"दाजी, फ्लेमिंगो न्हवं?"

"न्हाय रं. शेकाट्या हाय. कुठल्याबी डबक्यात उभा असतोय."

"नीट बघा की!"

"किती बघू?"

"मग जरा भारीतला पक्षी सांगा की. फ्लेमिंगो टिपला म्हणून पोरांनी माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय चौकात."

"उतरव आधी तो!"

"उतरवतो की. पण दाजी, खाली मार्गदर्शक म्हणून तुमचाच फोटो हाय. पक्ष्यापेक्षा मोठा."