दिवाळखोराचा क्रेडिट कार्डचा अर्ज

तुम्ही हिमतीच्या गोष्टी सांगताय, पण आमच्या वाघमारेदादांना भेटला नाहीत अजून. फरीदाबादला त्यांचा खोके बनवायचा कारखाना बुडाला आणि कोर्टाने त्यांना रीतसर दिवाळखोर ठरवलं. मागच्या महिन्यात आम्ही दोघं मॉलमध्ये सिनेमाला गेलो, तर दारातच क्रेडिट कार्डवाल्या बाईंनी गाठलं.

"सर, लाइफटाइम फ्री है."

"मैडम, मैं दिवालिया हूँ."

त्या हसल्या. "पीछा छुड़ाने के लिए सब यही बोलते हैं, सर."

दादांनी पिशवीतून कोर्टाचा आदेश काढून त्यांच्यापुढे ठेवला. लाजेने मीच मान खाली घातली. यार, लोक असला कागद बायकोपासूनही लपवतात आणि हा माणूस तो प्लास्टिकच्या फोल्डरात घालून फिरतो!

बाईंनी तो वाचला आणि हळूच म्हणाल्या, "फॉर्म में दिवालियावाला कॉलम खाली छोड़ दीजिए. मेरा टारगेट हो जाएगा."

"छिपाना ही होता, तो कोर्ट क्यों जाता?" दादांनी फॉर्म ओढला, त्या रकान्यात ठळक अक्षरांत 'हाँ' लिहिलं आणि सही ठोकली. "अब भेजिए. मना कर देंगे तो भी चलेगा."

बाईंनी तो 'हाँ' पुन्हा एकदा वाचला. मग पर्स उघडून त्यांनी स्वतःचीच पाच क्रेडिट कार्डं टेबलावर मांडली.

"सर, ये कोर्टवाला फॉर्म कहाँ मिलता है?"

दादांनी खुर्ची ओढली आणि बसले. आमचा सिनेमा राहिला तो राहिलाच.