टाकीतली वाळू

चिपळूण स्टँडवर गुहागरच्या गाडीची वाट बघणाऱ्या तेजस्वीला मागच्या बाकावरचं खाला-भाच्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"पुराचं पाणी घरात शिरलं की ऊर बडवतोस, अक्रम, आणि आता हौसेनं काचेच्या पेटीत भरून ठेवलंस?"

"माशांची टाकी आहे, खाला. आत झाडं लावली होती."

"झाडं! आम्ही विहिरीतनं उपसून फेकतो ते शेवाळ!"

"सगळी कुजली. मासेही मेले. माझी पोर शिफा रडून रडून जेवली नाही."

"तळाला काय घातलंस?"

"समुद्राची वाळू."

"गाढवा, गोड्या पाण्यात खारी वाळू कोण घालतं?"

"तूच पाठवलीस ना गोणभर? म्हणालीस, दुकानातली कशाला घेतोस!"

"आजवर माझं एक ऐकलं नाहीस, मेल्या, आणि नेमकं हेच बरं ऐकलंस!"