चष्म्याशिवाय सही

— नाही, दुसरी सिस्टर नाहीये. बाहेरच्या टेबलावर कळलं मला, सात नंबरच्या पेशंटला दुसरी कुणीतरी हवीय म्हणून — हवी असेल, पण या कामाला इथं मी एकटीच आहे, काका. काल दारात मला बघून तुम्ही मान फिरवलीत, तेव्हाच समजले मी, ओळखलंत म्हणून. फिरवा. मान फिरवली म्हणून पोट दिसायचं थांबत नाही. शर्ट वर घ्या. आणि आधी तो ग्लास संपवा, पंधरा मिनिटं होऊन गेली — माहितीये, खारट लागतं, मळमळतं, आणि दोन लिटर संपवायचंय, हा आत्ताशी तिसरा ग्लास. आतडं आतून धुतल्यासारखं निघायला हवं उद्या सकाळी. नुसतं पिवळं पाणी यायला लागलं की घंटी दाबायची, मी येऊन बघणार. हो, मीच. लाज वाटते? सख्ख्या पुतणीची कसली लाज? लहानपणी तुमच्याच मांडीवर बसून मी दुकानातल्या चष्म्यांच्या खोक्यांचे मनोरे रचायचे. आणि मी नर्सिंगला चालले तेव्हा सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं, ‘शिकून काय दिवे लावणार ही, लोकांचं हगणंमुतणं काढणार’ — कोण म्हणालं होतं? काढते की. प्या.

सरळ बसा आता. आता पुढं वाका — अजून, बुटाची नाडी बांधताना वाकता तसं. असं. आता उभे राहा, भिंतीला धरा हवं तर. पॅन्ट नेहमी कुठं बांधता? बेंबीवर? बरं. पुन्हा बसा. पोटाची घडी कुठं पडते ते बघतेय मी, हलू नका, पेनाची शाई पुसली जात नाही चार दिवस. इथं. इथली ही खूण दिसते तुम्हाला, खाली न वाकता? दिसते ना? झालं तर.

— कशाची म्हणजे? खुणेची खूण. सांगते की. की नको सांगू? कारण आत्ता येताना तुमच्या चिरंजिवांनी मला पॅसेजमध्ये गाठलं. नऊ वर्षांत एक फोन नाही दादाचा, आणि आज एकदम ‘अगं बाळा’. ‘अगं बाळा, बाबांना काही बोलू नकोस हं, छोटंसं ऑपरेशन आहे एवढंच सांग, उगाच धीर सुटेल त्यांचा.’ हात जोडले हो त्याने! ओळखीचं वाटतंय का वाक्य? वाटायला हवं. तुमचंच आहे. अक्षर न अक्षर तुमचं. हुशार आहे दादा, घरात जे ऐकलं ते पाठ केलंय त्याने.

थांबलात का प्यायचे? तुम्हाला काय वाटलं, मी विसरले? सोळा वर्षांची होते मी. बाबांना ऑपरेशनच्या दोन दिवस आधी दाखल करा म्हणाले होते डॉक्टर — याच्यासाठीच, हे जे आत्ता करतोय ना आपण, याच्यासाठी. पोट साफ करायचं, खूण करायची, समोर बसवून सगळं सांगायचं, रडायचं तर रडू द्यायचं. तुम्ही काय म्हणालात? ‘तयारी कसली करायचीय, त्याला काय बोहल्यावर चढवायचंय? सकाळी थेट नेऊ. आणि त्याला कुणी काही सांगायचं नाही, हातपाय गाळून बसेल.’ घरात तुमच्यापुढं बोलायची टाप होती कुणाची? आई पदर तोंडाला लावून उभी. काकू भिंतीकडं बघत. आणि कागद आला तेव्हा तुम्ही बाबांचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात टाकलात — ‘आता कशाला हवाय तुला, आत चाललायस’ — आणि बोट ठेवलंत, ‘इथं कर सही’. आयुष्यभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या त्या माणसाने, काका, मागच्या खोलीत, मशीनवर वाकून वाकून, आणि स्वतःची सही आंधळ्यासारखी केली. तुमचं बोट होतं तिथं केली.

शुद्धीवर आले ते पोटावर पिशवी घेऊन. कुणी सांगितलंच नव्हतं, तर वाटलं, चुकून राहिलीय, कुणाची तरी. ओढून काढायला गेले. मी होते तिथं. मी बघितलंय. — नाही, थांबा, तुम्ही नव्हतात, तुम्ही दुकान उघडायला गेला होतात. शौचाची नेहमीची वाट बंद केलेली आणि नवी पोटातून काढलेली, ती पण कुठं? अगदी घडीत. झोपल्या झोपल्या अंदाजाने काढलेली, कारण आदल्या दिवशी बसवून, वाकवून बघायला माणूस तिथं नव्हताच ना! आणि धंदा कसला, तर दिवसभर वाकून काम करायचं. वाकले की पिशवीची कडा सुटायची. सुटली की गळायची. शर्ट बदला, पुन्हा गळली, पुन्हा बदला. मग तुम्ही काय केलंत? प्लायवूडची फळी मारलीत काउंटर आणि मागच्या खोलीच्या मधे, आणि मोठा पंखा लावलात, त्यांच्या दिशेने. ‘गिऱ्हाइकाला वास येतो.’ त्या पंख्याचा आवाज आहे माझ्या कानात अजून. तीन वर्षं ते त्या फळीमागं बसले. जेवायलासुद्धा बाहेर येईनात. गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, फार सोसलं हो माझ्या भावाने.

सोसलं! 

खोटं कशाला बोलू, काल सकाळी यादीत तुमचं नाव वाचलं आणि मला आनंद झाला. असा आनंद झाला की चहा दोनदा घेतला. म्हटलं, आले माझ्या हातात. हे पेन दोन बोटं खाली सरकलं असतं ना, घडीत, बस्स — कुणाला कळलं नसतं. तुम्हाला कळलं असतं, रोज. — घाबरू नका, बरोबर जागी केलीय खूण. तुमच्यासारखं काम मी करत नाही. पण त्याचीही गरज नव्हती म्हणा. मी नुसतं गप्प बसले असते, तरी भागलं असतं. दादाने ताटात वाढून दिलं होतं. ‘छोटंसं ऑपरेशन आहे हं काका’ असं गोड बोलून मी निघून गेले असते, आणि उद्या दुपारी तुम्ही जागे होऊन तिथं हात नेला असता, तेव्हा मी त्या दारात उभी राहिले असते. फक्त बघायला. तुम्हाला नाही कळणार किती वेळा मी ते दार डोळ्यासमोर आणलंय.

— मी? बाबांना मीच सांगितलं होतं म्हणता? ते बरं लक्षात आहे तुमच्या!

हो. मी बोलले होते. तुम्हीच मला पुढं ढकललंत, ‘तू सांग, तुझं ऐकतो तो.’ खांद्यावर हात ठेवून ढकललंत. आणि मी जाऊन म्हटलं, बाबा, छोटंसं ऑपरेशन आहे. हसले ते. म्हणाले, तू म्हणतेस ना, मग छोटंच. — आणि नंतर, पिशवी धुताना एकदा, माझ्याकडं न बघता विचारलं त्यांनी, ‘तुला माहीत होतं?’ आणि मी म्हटलं, नाही. नाही म्हटलं, काका. सोळा वर्षांची होते, ते ठीक आहे, पण तेव्हा एकोणीसची होते. मग त्यांनी मला काहीच विचारलं नाही कधी. — हे तुम्हाला का सांगतेय मी? प्या, प्या तुम्ही, बघता काय.

तर विचारा. नाही, मी आपणहून नाही सांगणार, विचारावं लागेल तुम्हाला. तोंडाने. आख्ख्या घराची तोंडं बंद केलीत, आता स्वतःचं उघडा. ... मोठ्याने. ... हां.

हो. पिशवी लागणार. डाव्या बाजूला, या खुणेवर. कायमची. गाठ आतड्याच्या अगदी टोकाला आहे, खालची वाट ठेवता येत नाही. सकाळी सही केलीत तो कागद हाच होता. वाचला नाहीत ना? कसा वाचणार, चष्मा दादाच्या बॅगेत होता. मी मागून आणलाय, हा घ्या. पुसून दिलाय. आता वाचा, सगळा वाचा, मी उभी आहे. डॉक्टरांना सांगून ठेवलंय मी, पेशंटने न वाचता सही केलीय म्हणून. चार वाजता येतील ते, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, कुणाचं बोट नाही आज कागदावर. आणि रडायचं तर रडा. त्यालाही वेळ ठेवलेला असतो. आमच्या कामातच येतं ते. — रुमाल घ्या. माझा नको, तिथला.

झालं? आता ही लावते. ही तीच, पिशवी. आत वाटीभर पाणी घातलंय, वजन कळावं म्हणून. ती घालून फिरायचं, बसायचं, झोपायचं, आज दिवसभर. गळतेय का बघायचं. नाही गळणार. बाबांना अशी एक दुपार मिळाली असती तर — जाऊ दे. हात बाजूला करा. दाबून धरा कडा, हाताच्या उबेने चिकटते.

— काय? हळू का बोलताय, कुणी नाहीये इथं. ... त्याला सांगू नको? कुणाला, दादाला? तुम्हाला कळलंय हे त्याला सांगू नको, त्याचा धीर सुटेल?

नाही. एकदा खोटं बोलले मी तुमच्या सांगण्यावरून, तेवढं पुरलं. हात सोडा माझा. शर्ट खाली घ्या, चष्मा लावा, आणि उठा. बाहेर बाकावर बसलाय तो, विचारेल, काय म्हणाली ती? तुम्हीच सांगा काय सांगायचं ते, त्याच्या डोळ्यात बघून, पिशवीवर हात ठेवून.

चला. दार मी उघडते.