काळी खिडकी थांबली तेव्हा

अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या प्लँट हेड रश्मी मॅडम, व्यासपीठावरचे युनियनचे ज्येष्ठ सहकारी अर्जुनराव, आजच्या सत्कारमूर्ती दीपमालाताई आणि पहिली शिफ्ट संपवून चहाही न घेता इथे बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार. मी रणजीत, पेंट शॉपचा सुपरवायझर. भाषणाची मला सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आपल्या चाकणच्या प्लँटमधला कॉम्प्युटर विभाग सोडून ताई वाकडच्या एका कंपनीत निघाल्या आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे, अर्जुनराव छान बोललेही. पण खरं सांगू? परवापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आमच्याकडे रंग वाळवायची गॅसवरची मोठी भट्टी आहे. माणूस साफसफाईला आत जाण्याआधी कॉम्प्युटरवर गॅसची तपासणी चालवायची. चालवली की स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडायची आणि पापणी लवायच्या आत मिटायची. बसवून देणारे सांगून गेले होते, "खिडकी आली म्हणजे तपासणी झाली." थिनरच्या वासात गॅसचा वास वेगळा कुणाला कळणार?

गेल्या दिवाळीच्या आधी ताई आमचा प्रिंटर बघायला आल्या होत्या. तपासणी चालवून आमचे साफसफाईचे खंडूभाऊ नुकतेच भट्टीत गेले होते. ताईंनी विचारलं, "रणजीतदादा, त्या खिडकीत काय लिहून आलं?"

"वाचायला सापडतंय कुठं, ताई?"

"मग सगळं ठीक आहे हे कशावरून?"

ताईंनी त्या तपासणीच्या प्रोग्रामची फाइल उघडली आणि शेवटी एकच शब्द लिहिला, 'पॉज'. म्हणजे काम संपलं तरी कुणी बटण दाबेपर्यंत खिडकीनं उघडं राहायचं. तपासणी पुन्हा चालवली. खिडकी थांबली. आत इंग्रजीत एक ओळ होती: सेन्सरशी संपर्क नाही.

तपासणी झालीच नव्हती, मंडळी. आणि माणूस आत होता.

मी भट्टीच्या दाराशी पळालो. "खंडूभाऊ, बाहेर या!" माझीच हाक घुमून परत आली. पुन्हा ओरडलो. उत्तर नाही. मास्क लावून दोघं आत गेले. आत गॅस साचून खंडूभाऊ बेशुद्ध पडले होते; दोघांनी त्यांना उचलून बाहेर आणलं. ताई भिंतीला टेकून उभ्या, ओठ पांढरे पडलेले. खंडूभाऊंना उघड्यावर निजवून ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "मला काय झालं न्हाई. एवढी गर्दी कशापायी?" तेव्हा ताई तिथेच खाली बसून रडल्या.

खंडूभाऊ आज आपल्या पत्नी रुक्मिणीबाईंना घेऊन मागच्या रांगेत बसलेत. मॅडमनी नवा सेन्सर बसेपर्यंत भट्टी बंद ठेवली, त्यांचेही आभार मानतो.

पण परवा काय पाहिलं? खिडकी थांबलेली, आणि आपलाच एक भाऊ न वाचता बटण दाबून मोकळा! विचारलं तर म्हणतो, "रोज तेच असतंय, राव." असं कुणी केलं की ताई येऊन हटकायच्या. उद्यापासून कोण हटकणार? म्हणून हात जोडतो, आधी वाचा, मग बटण दाबा.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. सत्काराच्या भाषणात घाबरवलं असेल, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ताई, नव्या ठिकाणी सुखात राहा. आमचा फोन आला तर मात्र उचला.