मिस्टरच्या होडीवरची पाणबुडी

पाणबुडी पकडायला, हो! — हस, हस, आम्हीही हसायचो. हवानात तू बघून आलास ना ती होडी, भोवती दोर लावलाय, हात लावू देत नाहीत — ती मासे धरायची होडी रे! पण युद्ध लागलं आणि आमच्या त्या अमेरिकन मिस्टरला वाटलं, पुस्तकं लिहून जगात गाजलो, आता जर्मनांशी लढूनही गाजावं. बंदुका आल्या, हातबॉम्ब आले, सरकारचं फुकट पेट्रोल आलं — आणि रम? ती तर आधीपासूनच होती. बेत काय, तर गरीब कोळ्यांसारखं गळ टाकून बसायचं, पाणबुडी मासे मागायला जवळ आली की झाकणातून बॉम्ब आत टाकायचा — जशी काही लोणच्याची बरणीच! माझा नवरा बाल्दोमेरो सुकाणूवर असायचा. घरी येऊन सांगायचा, "मार्सेलिना, आज जोरदार लढाई झाली, दोन शार्क ठार!"

आणि एक दिवस ती खरंच वर आली. राखाडी, आपल्या चर्चएवढी लांब. सगळ्यांची रम एका क्षणात उतरली — आणि होडी फिरली, थेट किनाऱ्याकडे. त्याच आठवड्यात पाणबुडीनं साखरेचं जहाज बुडवलं, आमच्या शेजारच्या फेलिसियाचा नवरा त्यावर होता. ती भर खानावळीत मिस्टरसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही पाहिली होतीत म्हणे? मग?" मिस्टर म्हणाला, "पाहिली, बाई. मीच म्हटलं, मागे फिरा. बाल्दो तर जायला तयार होता." ती त्याच्या बुटांवर थुंकली. तेव्हापासून अख्खं गाव त्याला भागूबाई म्हणायला लागलं, पोरंटोरंसुद्धा — आणि तो? गप्प! ज्याचा मासा दर पेल्याला हातभर वाढायचा, तो माणूस गप्प! आयुष्यभर थापा मारल्या मेल्यानं, पण ही एवढी थाप काय निभावली — मी तेव्हा पोटुशी होते, बाल्दोमेरोच्या डोळ्यांपुढे तेच आलं, मिस्टर मागून बोंबलतोय, "पुढे! पुढे घे!" आणि याचे हात आपोआप —

काय? काय म्हणाले मी? काही नाही म्हणाले. म्हातारीचं डोकं फिरतं उन्हानं. मिस्टर भित्रा होता, लिहून घे तसंच. कॉफी संपव आणि नीघ. नाही, मागच्या दारानं जा — समोर फेलिसिया बसलीय ओट्यावर.