पाचव्या बेटावरील लोकजीवन

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच या भाषासंस्थेचे संचालक, मधल्या खुर्चीवर विराजमान झालेले बेटराष्ट्राच्या वकिलातीचे सन्माननीय सचिव, त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या बाई, आणि समोर घडीच्या खुर्च्यांवर बसलेले माझे सायंवर्गातले बंधुभगिनी,

मी व्यवसायाने बातमीदार. आमच्या तुकडीत सर्वाधिक गुण मिळाल्यामुळे चार शब्द बोलायचा मान मला मिळाला आहे. जिना चढताना संचालकांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, थोडं बोला आणि गोड बोला. थोडं बोलायचा प्रयत्न करतो.

निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे की बाई स्वेच्छेने निवृत्त होत आहेत. कोणाच्या स्वेच्छेने, एवढा तपशील जागेअभावी राहिला असावा. बाईंची नोकरी अजून दोन वर्षं होती.

पाहुण्यांपैकी काहींना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. या खोलीत संध्याकाळी सहा ते आठ त्या बेटांची भाषा शिकवली जाते. शिकणारे बहुतेक तिथे कामाला जाणारे. नर्सताई, सुतारमामा, दोन आचारी, एक गवंडी आणि मधूनच जांभया देणारा मी. भाषेबरोबर देशाचीही ओळख हवी, म्हणून पुस्तकात सातवा धडा आहे, 'आमचा देश'. पाच बेटं, मोठ्या बेटावर राजधानी, कनिष्ठ सभागृहात चाळीस सदस्य, वरिष्ठ सभागृहात प्रत्येक बेटाचा एक. पुस्तक वकिलातीकडून भेट आलेलं, कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत.

तो धडा बाई काय शिकवायच्या! फळ्यावर बेटं काढायची आणि वर्गाची संसद करायची. सुतारमामा सभापती. कुणी क्रियापद चुकवलं की ते डस्टर असं आपटत, की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर येऊन विचारायचा, "मामा, खिळा ठोकताय की वर्ग चाललाय?" मी द्वीप शब्दाची व्युत्पत्ती सांगायला उठलो की बाई म्हणायच्या, "बातमीदार, तुमची संस्कृतची होडी किनाऱ्याला लावा, सभागृह खोळंबलंय." दोन्ही बाजूंना पाणी ते द्वीप, असं आमचे शास्त्रीगुरुजी सांगत. मध्ये माणूस असलाच पाहिजे अशी अट त्यात नाही. त्यामुळे सचिवमहोदय, व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपली बाजू भक्कम आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या धड्याच्या शेवटी असलेला तक्ता नर्सताईंनी वाचला. आम्ही कुणीच तक्ते वाचत नाही. पण ज्यांचा जन्म तापाचे तक्ते भरण्यात गेला, त्यांना रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो. त्यांनी हात वर केला. "बाई, पाचव्या बेटाच्या लोकसंख्येपुढे नुसती रेघ आहे. मग तिथला सदस्य निवडून कोण देतं?"

बाईंनी खडू खाली ठेवला. बावीस वर्षं हा धडा शिकवला, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी तिथली आहे. मला अजून कुणी मत विचारलेलं नाही."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील तिथल्या दीपस्तंभावर नोकरीला. बाई नऊ वर्षांच्या असताना एक बोट आली. अधिकारी म्हणाले, विहिरी तपासायच्या आहेत, सहा आठवड्यांचा प्रश्न आहे, एकेक बोचकं घ्या. आईने जाताना चुलीत राख ओढून निखारा झाकून ठेवला, परत आल्यावर पेटवायला सोपं जावं म्हणून. ते सहा आठवडे अजून संपलेले नाहीत. बेटावर आता तोफांचा सराव चालतो. सदस्य मात्र आहे. राजधानीत राहतो, सरकार त्याला नेमतं, आणि ज्या बेटाचा तो प्रतिनिधी आहे त्याबद्दल एकही तक्रार त्याच्याकडे येत नाही. इतका समाधानी मतदारसंघ जगात दुसरा नसेल.

पुढे परीक्षा झाली. देशपरिचयाच्या पेपरात वीस गुणांची टीप आली, 'पाचव्या बेटावरील लोकजीवन, पाच ओळी लिहा'. योगायोग समजू या. आमच्या वर्गातल्या अकरा जणांनी खरं ते लिहिलं. सुतारमामांनी एकच ओळ लिहिली, 'तिथे कोणी राहत नाही, त्यामुळे पाच ओळी होत नाहीत.' अकराही जणांना शून्य, आणि तेवढ्यावर अकराही जण नापास. त्याच आठवड्यात बाईंना स्वेच्छा झाली.

संचालकांनी त्यांना बोलावून समजावलं होतं की पुस्तकात आहे तेवढंच शिकवायचं. हे बाईंनी मला सांगितलेलं नाही. दार उघडं होतं आणि मी बातमीदार आहे. बाई म्हणाल्या, "पुस्तकात आहे तेवढंच बावीस वर्षं शिकवलं, साहेब. त्याचीच लाज वाटते."

अध्यक्षमहाराज, घड्याळ बरोबर चालतं आहे, मीही पाहिलं. पण नर्सताईंचं काय करायचं ते सांगा. मोठ्या बेटावरच्या रुग्णालयात त्यांची जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली आहे. प्रमाणपत्र नाही तर नोकरी नाही. आपण उदार मनाने त्यांना फेरपरीक्षा देऊ केलीत. पाच ओळी खरडून टाका, काय बिघडतं, असंही म्हणालात. त्यांनी काय उत्तर दिलं ते सभागृहाला कळू द्या. त्या म्हणाल्या, "बाईंच्याच घराबद्दल खोटं लिहू, आणि त्याच भाषेत? मग ती शिकले कशाला?" अकरापैकी एकही जण फेरपरीक्षेला बसलेला नाही. समोरच बसलेत सगळे. बघा त्यांच्याकडे. ज्यांना तुम्ही देशाची ओळख नाही म्हणून नापास केलंत, त्यांनाच ती झाली आहे.

राग येतो, साहेब. पत्रिकेच्या गुळगुळीत कागदाचा येतो, बाईंना देण्यासाठी टेबलावर ठेवलेल्या त्या बेटांच्या चौकटीतल्या चित्राचा येतो. निदान चित्र तरी दुसरं निवडायचं होतं. पण सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो ते सांगून खाली बसतो.

मला त्या टिपेत वीसपैकी एकोणीस गुण आहेत. मी त्या संध्याकाळी वर्गात होतो. झाकलेल्या निखाऱ्याची गोष्ट मी ऐकली होती. आणि तरी परीक्षेत लिहिलं की पहाटे कोळी जाळी घेऊन निघतात, बायका किनाऱ्यावर गाणी गातात, शंखशुभ्र वाळूत मुलं खेळतात. न पाहिलेल्या गावाबद्दल लिहायचा मला वीस वर्षांचा सराव आहे, हात आपोआप चालला. मला बातमीसाठी त्या बेटांच्या दौऱ्यावर जायचं होतं, प्रमाणपत्र हवं होतं.

ते हे. संचालकसाहेब, हे परत घ्या. अकरा उत्तरपत्रिका पुन्हा तपासा. आणि ते जमणारच नसेल, तर नापासांच्या यादीत बारावं नाव माझं घाला.

बाई, तुम्ही शिकवलंत, मी शिकलो नाही. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. उत्तरपत्रिकेत झालंय, ते मात्र घालू नका.