खाचेवरची सही

लातूरला क्लासच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी प्रिंटरची शाई भरून मिळायची वाट पाहत होते. माझ्यापुढे औशाचे एक गृहस्थ आणि त्यांची बारावीतली मुलगी मदरबोर्ड निवडत होते. कॉम्प्युटर ती घरी स्वतः जोडणार होती.

“मुज्तबाभाई, नीटच्या सराव परीक्षा सोडवायला एवढा मोठा बोर्ड कशाला?”

“काका, पोरीनं यादी आणलीय. मी फक्त काढून दाखवायलोय.”

“आरती, ही लांब खाच कशाची हाय?”

“ती असतीच, अण्णा.”

“मुज्तबाभाई, तुम्ही सांगा. हिच्याकडं बघू नका.”

“ग्राफिक्स कार्डाची हाय, काका.”

“त्यानं काय होतंय?”

“चित्रं लई साफ दिसतात.”

“जीवशास्त्राची, अण्णा. हृदय, किडनी.”

“गेम चालतेत का न्हाई त्याच्यावर?”

“आता काका, चालतेत की.”

“मग बिनखाचेचा बोर्ड दाखवा.”

“तसा माझ्याकडं न्हाई, काका.”

“दुरुस्तीवर तुम्ही वॉरंटीचा कागद चिकटवता ना? तो लावा ह्या खाचेवर. वर मी सही करतो. निकाल चांगला लागला की मीच फाडीन. मग घे म्हणावं कार्ड.”

“लावतो. हा घ्या पेन.”

“अण्णा, तुमचं झालं की पेन मला द्या.”

“तू कशाला सही करतीस?”

“निकालानंतर तुम्ही शब्द फिरवला तर? मुज्तबाभाई, तुम्ही पण करा. साक्षीदार म्हणून.”